पुंजण्याले हॉर्न

आभाळ निळं काऊन दिसते हे आमच्या माणसाले विचारू नका, असं मी दुकानात येणाऱ्या दर गिऱ्हाइकाले आधीच सांगून ठेवते. विचारलं की झालं. समोरच्याचा चहा थंडा होते, पोह्यावरची तर्री गोठते, गडचिरोलीची एसटी निघून जाते, पण श्रावण ड्रायव्हरचं आभाळ काही सरत नाई.

मी गिरजा. सावली गावात रोडले लागून आमचं घर आहे अन् घराच्या समोरच माहं चहा-नाश्त्याचं दुकान. श्रावण माहा माणूस. पहिले तो सावली-गडचिरोली काळीपिवळी चालवे. गाडी माणसांनी कोंबलेली, टपावर धानाचे कट्टे, अन् तरी एखादी बाई रोडवर उभी दिसली की याचा ब्रेक लागलाच. "सरका थोडं, मावशीले बसू द्या," म्हणून तो त्या गाडीत कुठून जागा काढे, हे त्याचं त्यालेच माहीत.

मंग त्यानं स्वतःची बोलेरो घेतली. एक डाव बाहेरून आलेल्या लोकांची गाडी मूल गावाजवळ बंद पडली. कसली तरी मापं घ्याले आले होते, अन् त्यांच्यापाशी काचेची नाजूक मशीन होती. श्रावणनं त्या मशीनले माही नवी गोधडी गुंडाळली, खड्डा पाहून पाहून गाडी नेली अन् मशीन जशीच्या तशी पोचवली. गोधडीले ऑइलचे डाग पडले ते आजपर्यंत निघाले नाई. पण तेव्हापासून आपल्या चंद्रपूर-गडचिरोली दोन जिल्ह्यांत कोणीबी काही मोजाले आलं की पहिला फोन श्रावणभाऊले.

घुग्घुसच्या कोळसा खाणींची धूळ मोजणाऱ्या मयुरी मॅडम आल्या. त्यांच्याजवळ एक डबा आहे. तो हवा आत ओढते, तिच्यावर लेझरचा बारीक उजेड टाकते, अन् धुळीच्या कणांवर आपटून उजेड किती उधळला, त्याच्यावरून धूळ किती ते सांगते. आमच्या भागातल्या धानाचा अभ्यास करणारे प्रफुल सर आले. त्यांचं मशीन तर वर उपग्रहावर. तिथून रडारच्या लहरी बांधीवर, म्हणजे धानासाठी बांध घातलेल्या वावरावर पडतात. बांधीत नुसतं पाणी असन तर लहर घसरून पलीकडं जाते अन् फोटोत बांधी काळी दिसते. धान वाढलं की लहर पानापानावर आपटून उधळते, थोडी वर वापस जाते, अन् बांधी पांढरी दिसते. भामरागडले नदीचं पाणी तपासणारेबी आले, ते बाटलीतून उजेड सोडून गढूळपणा मोजत.

हे सारे वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या गावांचे. एकमेकांले ओळखत नाई. साऱ्यांले ओळखणारा एकटा श्रावण. एक दिवस पोहे खाता खाता तो मले म्हणते, "गिरजे, मले एक गोष्ट समजली. हे सारे लोक एकच काम करून राह्यले."

"कोणतं?"

"कशावर तरी उजेड टाकाचा, अन् तो कुठी कुठी उधळला ते पाहाचं. बस. धूळ असो, धान असो, पाणी असो. विकिरण म्हणतात त्याले. आभाळ निळं आहे तेबी त्याच्याचपायी. हवेच्या कणांवर निळा उजेड जास्त उधळते."

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते सुरूच आहे. दूध पांढरं काऊन, विकिरण. धुक्यात गाडीचा उजेड आपल्याच आंगावर काऊन येते, विकिरण. मिरची लाल काऊन, तेबी विकिरण म्हणून मोकळा झाला. प्रफुल सर म्हणाले, "नाही भाऊ, मिरचीचं वेगळं आहे, तिच्यात रंगच असतो." तर हा सरवर रुसला अन् दिवसभर गाडीत गाणे लावले नाई.

आता मुद्द्याची गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात मी दुकानाले नवा बोर्ड लावला. पत्रू पेंटरनं रंगवला, पांढऱ्यावर पिवळी अक्षरं. नाव मी मनानंच ठरवलं होतं: श्रावण चहा-नाश्ता. दुकान माहं, मेहनत माही, पण नाव त्याचं द्यावं वाटलं. काळीपिवळीच्या कमाईतून माही पहिली शेगडी त्यानंच आणून देल्ली होती. बोर्ड लागला त्या दिवशी मी दारात उभी राहून वाट पाह्यली. तो आला, मान वर करून पाह्यलं, "बरा आहे," म्हणला अन् हात धुवाले गेला.

बरा आहे. मले इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्या भाजीत मीठच टाकलं नाई. त्यानं ते गुपचूप खाल्लं, म्हणून आखीन राग आला. गिऱ्हाईक तर सारे 'गिरजाबाईकडं चला' असंच म्हणतात, बोर्ड कोण वाचते. तो विषय मंग निघालाच नाई, पण माह्या मनात ते कुसळ राह्यलं.

पावसाळा सरला अन् घर रंगवाले काढलं. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाले जाणारे पाहुणे दर साली आमच्याकडं थांबून जातात. रंग निळाच लावाचा, त्याच्यात वाद नव्हता, निळा आमचा रंग. पण किती निळा? पत्रू बादलीत रंग कालवे अन् श्रावण म्हणे, "फिक्का आहे." पत्रू आखीन एक ट्यूब पिळे. "अजूनबी मळकट दिसते रे." पत्रू माह्याकडं पाहे, मी पत्रूकडं पाहो. शेवटी त्याच्या जवळच्या साऱ्या ट्यूबा सरल्या. घर असं निळं झालं की रोडनं जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून पाहत. माही बहीण वच्छला आली अन् डोळ्यावर हात धरून म्हणली, "बाई वं, याच्यात झोप कशी लागते तुले?"

श्रावण मात्र खुश. "कसं शांत दिसते," म्हणे.

त्याच दिवसांत त्यानं गाडीत एक खेळ काढला. बाजूले बसलेल्या माणसाले विचारे, "सांगा साहेब, पुढं काय दिसते? पाहू शहरातल्या लोकांची नजर." साहेब लोक हसत, खेळत. "पुढे बैलबंडी आहे, भाऊ." "बरोबर," म्हणे हा, अन् ब्रेक मारे. साऱ्यांले वाटे, काय गमतीदार ड्रायव्हर आहे.

नोव्हेंबरात धान कापून झालं होतं. एक दिवस मयुरी मॅडम श्रावणच्या गाडीतून घुग्घुसवरून आल्या अन् तोंड पाडून बसल्या. श्रावण बाहेर गाडी धूत होता. मी चहा ठेवला.

"गिरजाबाई, माझा डबा बिघडला वाटतं," त्या म्हणाल्या. "भाऊ सारा रस्ता म्हणत होते, आज काय धूळ आहे, समोरचं दिसत नाही. आणि डबा म्हणतो, हवा बरी आहे. काल पाऊस पडून गेला, मलाही बरीच वाटत होती. पण भाऊ त्या रस्त्यानं नेहमी जातात, त्यांचं कसं चुकेल? डबा खोटा निघाला तर माझी सारी मापं वाया गेली."

बाजूच्या टेबलावर प्रफुल सर पोहे खात होते. ते गाडीत राह्यलेली आपली पिशवी घ्याले आले होते. ते म्हणाले, "भाऊंचं चुकतं कधी कधी. परवा दिवस मावळताना आम्ही व्याहाडकडून येत होतो, सूर्य बरोबर समोर. भाऊंनी गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवायला लागले. म्हणाले, काय लोक आहेत, रोडवर ट्रक लावून झोपून राह्यले. मी उतरून पाहिलं, तर वावराच्या बांधावर कोणीतरी धानाचं पुंजणं रचून ठेवलं होतं."

सारे हसले. मीबी हसले. कापलेल्या धानाचे भारे रचून केलेल्या त्या ढिगाले हा बुढा हॉर्न मारून राह्यला. मंग माह्या हातातली चहाची गाळणी तशीच राह्यली. पुंजणं या माणसानं जन्मभर पाह्यलं. त्याच्या बापाच्या वावरात ते रचता रचता तो मोठा झाला.

तितक्यात श्रावण आत आला. दोघंही उजेडवाले एका जागी बसलेले पाहून त्याले इतका आनंद झाला की सोयरीक जुळवाले आल्यावानी त्यानं ओळख करून देल्ली. "हे धुळीवाल्या मॅडम, हे धानवाले सर. तुमचं एकच काम आहे. मी कधीचा सांगून राह्यलो." अन् मॅडम अन् सर खरंच बोलाले लागले. कण बारीक असन तर कसं, लहर मोठी असन तर कसं. दोघांचं गणित एकाच घरचं निघालं. श्रावण मधात बसून ऐकत होता, त्याचं तोंड फुललं होतं. मंग त्याले राहवलं नाई. त्यानं माहा काचेचा गिलास घेतला.

"हे पाहा. साफ पाणी." मोबाइलचा टॉर्च त्यानं गिलासाले लावला. "उजेड सरळ गेला. आता दुधाचे थेंब टाकतो. पाहा, बाजूनं निळसर, समोरून पिवळा. आभाळ अन् बुडता सूर्य एकाच गिलासात."

"अन् दूध वाढवलं तर?" मी विचारलं.

"तर सारा गिलास पांढरा चमकते, पण पलीकडचं काही दिसत नाई. सोपं आहे."

"अन् असं दूध तुमच्या डोळ्यात उतरलं असन तर?"

प्रफुल सरचा चमचा थांबला. मयुरी मॅडमनं आधी गिलासाकडं पाह्यलं अन् मंग श्रावणच्या डोळ्यांकडं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, डोळ्यात भिंग असतं ना, ते काचेसारखं साफ असतं. वयानं त्यात गढूळपणा धरतो. मग उजेड सरळ आत जात नाही, आतच उधळतो. तोच मोतीबिंदू. धूळ रस्त्यावर नसेल, भाऊ."

"माही नजर चांगली आहे," श्रावण म्हणला. गिलास तसाच ठेवून तो बाहेर गेला.

तो गेला अन् माह्या डोस्क्यात लख्ख पडलं. बोर्ड. पांढऱ्यावर पिवळं. त्यानं वाचलाच नव्हता. अक्षरं दिसत नाई हे सांगाची लाज वाटली म्हणून 'बरा आहे' म्हणला, अन् मी बिनमिठाची भाजी खाऊ घातली. माहा सारा राग तिथंच गळून गेला. मी ठरवलं, सांगाचं नाई. त्याले दिसलं की तोच वाचन.

पण डोळे दाखवाले तो तयार होईन तेव्हा ना. त्याच्या भेवाचं कारण मले माहीत होतं. त्याचा बाप पंचक्रोशीतला नावाजलेला बंडीवाला होता. त्याचे डोळे गेले अन् तो ओट्यावर बसला तो बसलाच. रोडनं चाकाचा आवाज आला की विचारे, "कोण चालला?" गाववाले कधी सांगत, कधी हसून पुढं जात. श्रावणनं ते लहानपणी पाह्यलं होतं. डॉक्टरकडं गेलो अन् त्यानं गाडी चालवू नको म्हणलं तर मीबी ओट्यावर, असं त्यानं मनात पक्कं करून टाकलं होतं. स्टिअरिंग गेलं की श्रावण संपला.

मी म्हणलं, "अवो, दाखवलं नाई तर कोणाच्या तरी आंगावर गाडी जाईन."

"इतक्या सालांत कोंबडीबी मारली नाई मी."

"कोंबडीले दिसते, ती पळते."

मी गाडीची चाबी काढली, पोह्याच्या डब्यात खाली दाबून ठेवली अन् सांगतलं, "डोळे दाखवा, मंग चाबी." लय भांडला. डबे उघडून पाह्यले, पण पोह्यात हात घातला नाई. प्रफुल सरनं इसरूची गाडी लावली. इसरू म्हणजे श्रावणनंच गाडी शिकवलेला माणूस. तो रोज दुकानासमोरून सरले घेऊन जाय, अन् लाजेपायी मान खाली घालून जाय.

श्रावण ओट्यावर बसू लागला. त्या भडक निळ्या भिंतीले टेकून. मले पाहवत नव्हतं. दोनदा तर मी पोह्याच्या डब्याजवळ जाऊन वापस आले. एक दिवस दुपारी मी आतून कांदे आणाले गेले होते. रोडनं कोणाची तरी मोटरसायकल गेली, अन् ओट्यावरून आवाज आला, "कोण चालला?"

मी दारातच थांबले. मोटरसायकलवाला निघून गेला होता. श्रावण तसाच बसला होता, तोंड अर्धं उघडं. जे तोंडातून निघालं ते त्यानं स्वतःच ऐकलं होतं. मंग तो उठला, खुंटीवरचा सदरा काढला अन् म्हणला, "चल. कुठी जावं लागते ते सांग."

चंद्रपूरच्या डॉक्टरनं त्याले अंधाऱ्या खोलीत बसवलं, हनुवटी एका मशीनवर टेकवली अन् डोळ्यात उजेडाची बारीकशी फट टाकली. मी मागं उभी. श्रावणनं टेबलाचा काठ घट्ट धरून ठेवला होता.

"डॉक्टरसाहेब, तुमी काय पाहून राह्यले?"

"भिंगात उजेड कुठे कुठे विखुरतो ते पाहतोय. हलू नका."

श्रावणनं टेबलाचा काठ सोडला. "म्हणजे तुमीबी आमच्याच लाइनीतले?"

"कोणत्या लाइनीतले?"

झालं. हनुवटी मशीनवर टेकलेली ठेवूनच त्यानं धूळ सांगतली, धान सांगतलं, भामरागडची नदी सांगतली. बाहेर पेशंट खोळंबले, सिस्टरनं दोनदा डोकावून पाह्यलं. डॉक्टर भला माणूस, हसत हसत ऐकत होता. शेवटी म्हणला, "मग तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. गढूळ भिंग काढायचं, साफ बसवायचं. आधी एक डोळा, मग दुसरा. दोन्ही झाले आणि मी तपासलं की गाडी चालवा."

"चालवता येईन?"

"का नाही येणार?"

श्रावणनं माह्याकडं पाह्यलं. डोळ्यात औषध टाकलेलं, त्याले मी काय दिसत असन ते तोच जाणे. पण हसला. बाहेर आल्यावर म्हणते, "मी उगाच भेऊन राह्यलो होतो वं. हे तर सारं घरचंच काम निघालं."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर इसरू आम्हाले घ्याले आला, श्रावणचीच बोलेरो घेऊन. चाबी मी त्याले गुपचूप देल्ली होती. रस्ताभर श्रावणचं तोंड बंद नाई. पळसाची पानं दिसतात, तारेवर नीळकंठ बसला आहे, त्या बाईच्या डोक्यावरचं गाठोडं लाल आहे. "इसरू, आभाळ पाह्यलं का? मी इतके दिवस सांगून राह्यलो होतो, पण असं निळं आहे हे मलेच माहीत नव्हतं." इसरू नुसता 'हाव भाऊ, हाव भाऊ' करत होता.

सावलीच्या वळणावर आलो अन् तो पुढं वाकला.

"थांब. हे कोणाचं घर?"

"तुमचं," मी म्हणलं.

तो पाहतच राह्यला. "कोण्या आंधळ्यानं लावला हा रंग?"

इसरू इतका हसला की गाडी बंद पडली. मले तर बोलताबी येत नव्हतं. श्रावणनं एक डोळा झाकला, मंग दुसरा झाकला, मंग पुन्हा पहिला. "या जुन्या डोळ्यानं शांत दिसते. या नव्यानं, बापा." मंग तोबी हसाले लागला, पोट धरून. आम्ही तिघंही रोडच्या कडेले हसत बसलो. मागून एसटी आली, तिच्या ड्रायव्हरनं हॉर्न मारला, तर श्रावण खिडकीतून म्हणते, "पुंजणं नोहे बापू, गाडीच आहे."

घरी पोचल्यावर इसरूनं चाबी माह्या हातात देल्ली. मी दुकान उघडाले पुढं झाले. शेगडी पेटवली, आधण ठेवलं, पण हा आत येईना. बाहेर जाऊन पाहते तर बोर्डाखाली उभा, मान वर करून. ओठ हलत होते. एकेक अक्षर लावून वाचत होता.

"श्रावण... चहा... नाश्ता." मंग माह्याकडं वळला. "हे माहं नाव आहे."

"इथी दुसरा कोण श्रावण आहे?"

"कधी लिवलं वं?"

"उन्हाळ्यात. तुमी 'बरा आहे' म्हणले होते."

आभाळावर तासभर बोलणाऱ्या त्या माणसानं ती तीन अक्षरं पुन्हा एक डाव वाचली. बाकड्यावर बसला. मी गाडीची चाबी त्याच्या तळहातावर ठेवली अन् त्याची मूठ मिटवली. म्हणलं, "चालवाची अजून नाई. नुसती जवळ ठेवा."

त्याच्या नव्या डोळ्यात पाणी भरून आलं. पुसाले हात वर गेला, तसा मी मनगटालेच धरला.

"हात लावू नका. डॉक्टरनं बजावलं आहे. रडाचं असन तर दुसऱ्या डोळ्यानं रडा."